डाव्या कानापुढचं हाड

१२ जाने. २००४, विश्रांतवाडी
दाढ ऑफिसातच ठणकायला लागली. टेस्टिंग अर्धवट टाकून डेंटिस्टकडे. माझं तोंड सहा मि.मी. उघडतं, त्यांचा आरसासुद्धा आत जाईना. "दाढेचं नंतर बघू. आधी जबड्याचा सांधा सोडवून घ्या."
पाचव्या वर्षी जिन्यावरून हनुवटीवर पडले, तेव्हापासून हे असंच. आता सव्वीस. पोळी कुस्करून बोटाने आत सरकवते. डबा एकटीच खाते.

१९ जाने.
बाबांबरोबर सर्जनकडे. सी.टी.त डाव्या कानापुढे सांधाच नाही, सगळं एकच हाड. तीन मार्ग. हाड कापून फट ठेवायची, परत जुळू नये म्हणून मध्ये कानशिलाचा स्नायू घालायचा. नाहीतर बरगडीचा तुकडा लावायचा. नाहीतर धातूचा सांधा, तो परदेशातून येतो, पुढे बदलावाही लागतो. डॉ.चं मत पहिल्याला. चेहऱ्याच्या नसेला धोका. भुलीची नळी नाकातून, जागेपणी.
बाबा लगेच, "करून टाका."
"बाबा, जबडा माझा आहे."
डॉ. म्हणाले, "कापणं माझं काम. नंतर वर्षभर रोज तोंड ताणायचं, ते तुमचं. टाळलंत तर हाड परत जुळतं."
बाबा खाली बघत राहिले.

२० जाने.
संध्याकाळी मेथी निवडताना बाबा एकदम बोलले. "तू पडलीस तेव्हाही डॉक्टरांनी व्यायाम दिले होते. तू फार रडायचीस. आई म्हणायची, रडू दे, पण करा. मीच बंद केले."
आईला जाऊन चार वर्षं झाली. ती याबद्दल कधी बोलली नाही.
मेथी तशीच टाकून उठले. राग आला. अजून आहे.

२ फेब्रु.
ऑप. ठरलं. मीच ठरवलं. बाबांशी कामापुरतं बोलणं. त्यांनी विहारात वंदनेला चल म्हटलं. गेले नाही.

१४ फेब्रु.
बुधवारी झालं. नाकातल्या नळीबद्दल लिहिणार नाही.
टेबलावर ३४ मि.मी. उघडलं म्हणे. डावी भुवई उठत नाही, डोळा नीट मिटत नाही. डॉ.: "नस ताणली गेलीय, तुटलेली नाही. सहा महिने वाट बघा." आणि हालचाल परत नाही आली तर? विचारलं नाही.

१ मार्च
तोंड २६ मि.मी. उघडतंय. दातांत आइस्क्रीमच्या काड्या, एकावर एक, रोज एक वाढवायची. आज वाढवता येईना. हातच धजेना. बाबांना हाक मारली. त्यांनी काडी सरकवली, मी विव्हळले, ते थांबले.
"थांबू नका."
"अगं, पण..."
"बाबा, थांबू नका."
नाही थांबले. नंतर बराच वेळ बेसिनपाशी तोंड धूत होते.

२२ मार्च
२५. दाढ निघाली एकदाची. पण तीन आठवडे आकडा पुढे सरकत नाही. एप्रिलमध्ये परत सी.टी. हाड पुन्हा धरतंय का, ते त्यात दिसेल. भुवई तशीच.
येताना येरवड्याला सिग्नलवर रिक्षा थांबली. बाबांनी विचारलं, "ऑपरेशन परत करायची वेळ आली तर?"
"माहीत नाही."
"बरं," म्हणाले. मग सिग्नल सुटला.