सांता ओर्सोलाचा भार

२ एप्रिल १९७४
पोहोचले एकदाची! खोली अगदी चौकात मिळाली. खिडकी उघडली की समोर सांता ओर्सोलाचं चर्च. या चौकाचा बांधकाम-इतिहास लिहायला मला पाठवलंय. चर्चची मागची भिंत जुन्या विटांची, दर्शनी बाजू कितीतरी नंतरची, नि कमानी तर आजोबांच्या काळातल्या. दलदलीवर एवढा डोलारा तगला कसा, हेच शोधायचंय. दुपारी चौकातल्या नेरीनाच्या कॅफेत वाम मासा नि पोलेंटा, म्हणजे मक्याचा सांजा. प्रवासाने अंग आंबलंय, पण मन खूश आहे.

४ एप्रिल
चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ओन्दीनाने तळघर दाखवलं. म्हातारी कमरेत पार वाकलेली. खांबांचे पाय मोजायला बसले नि चक्रावले. एकही खांब जमिनीला टेकलेला नाही! खालून हात आरपार जातो.
“टेकायला खाली आहे काय, पोरी? नुसता चिखल!” ती म्हणाली. वर येताना तिला धाप लागली. “जरा धरशील का गं?”
मी म्हटलं, “धरते की.” तिने माझा दंड पकडून मोठा सुस्कारा सोडला, नि तिची पाठ चक्क सरळ झाली.

५ एप्रिल
ओन्दीना झोपेतच गेली. चेहरा किती निवांत! माझे खांदे भरून आलेत. काल फार वाकले बहुतेक.

८ एप्रिल
हे दुखणं नव्हे, ओझं आहे. पेलाही दोन्ही हातांनी उचलावा लागतो. पाद्री एल्विओंना सांगितलं. ते म्हणाले की चर्च उभं राहिल्यापासून कुणी ना कुणी ते अंगावर पेलत आलंय. ओन्दीनाने मावशीकडून घेतलं होतं. मी भडकले. मीच का? खाली बघत ते पुटपुटले, “तिने मागितलं, तुम्ही हो म्हणालात.”
मग तुम्ही घ्या, म्हटलं. त्यांनी हात मागे लपवले.

९ एप्रिल
पळाले. बसने कालवा ओलांडला नि खांदे हलके झाले, रडूच आलं. तेवढ्यात मागे धाडकन आवाज. उतरून धावत परत आले. चर्चच्या छताचा कंगोरा कोसळून नेरीना त्याखाली अडकलेली, पाय चिरडलेला. मी चौकात शिरले, भार परत अंगावर आला, नि भिंतीतली भेग डोळ्यांदेखत मिटली.

१२ एप्रिल
थकले. कमानीखालच्या बाकावरून उठवत नाही. बायका सूप भरवतात. मी तोंड उघडलं, की काही मागायच्या आत — निघून जातात.

१४ एप्रिल
ईस्टर. सगळं गाव आत. माझ्या भरवशावर.
डावा खांदा — सुटतोय. ओरडायला श्वास नाही. पानावर विटांची धूळ —
गाणं थांबलं. दार उघडतंय. पाद्री एल्विओ — अहो, वाटेतून सरका — आधी पोरं — आधी पो