किशोरीचं पान

१५ सप्टेंबर, सोमवार

शाळा बंद ठेवली. किशोरी काल गेली. आठवी ब. बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून शाळेत येत होती. उरण रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर वळला. बाप काशिराम वाचला, पाय मोडला. ती जागच्या जागी.

काल रविवार होता. शाळा नव्हतीच — मी बोलावलं होतं! पोर्तुगालच्या शाळेला गौरीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवायचा होता. "साडेसात म्हणजे साडेसात, उशिरा येईल ती नाचातून बाद." माझेच शब्द. काशिराम गाडी जोरात हाणत होता म्हणे. हाणणारच.

१६ सप्टेंबर

काही सुचत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

तिकडच्या शाळा उघडल्या. तिथल्या शिक्षिका लुर्दिश बाईंनी त्यांच्या मुलांची नवी पानं पाठवली. फेब्रुवारीपासून हे चालू आहे. त्यांची बावीस मुलं, आमची बावीस, जोड्या लावलेल्या. महिन्याला एक पान, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शाळेत काय चाललंय, गावात कुठला सण. हौस माझीच! निवृत्तीला दोन वर्षं राहिली तरी माझी हौस काही जात नाही.

किशोरीची जोडीदार मातिल्द. ती लिहिते, शाळेत रोज जेवणाआधी सूप देतात, आणि ते रोज कोबीचंच असतं. शेवटी विचारलंय, तुझा नाच कधी बघायला मिळणार?

लुर्दिश बाईंना कळवायला बसले. 'प्रिय' लिहिलं आणि उठले.

२४ सप्टेंबर, बुधवार

दहावा झाल्यावर किशोरीच्या घरी गेले. खाडीकाठचं गाव, पुढच्या ओटीवर जाळी पडलेली. वाटलं होतं, तिची आई मला दारातून हाकलून देईल. द्यायला हवं होतं. गंगाबाईनं पाणी आणून दिलं.

मग म्हणाली, "तिकडच्या पोरीला सांगितलंत?"

नाही म्हटलं.

"नका सांगू बाई. हितं सगल्यांसाठी गेली माजी पोर. तिकडं तरी जिती हाय नं? ऱ्हाऊ द्या."

मी बरं म्हटलं. दुसरं काय करणार होते?

२८ सप्टेंबर, रविवार

किशोरीचं पान लिहिलं. मी.

नवरात्राचं लिहिलं. शाळेत घट बसवले, धान उगवलंय, मुली भोंडल्याला खिरापत ओळखतात आणि मी मुद्दाम चुकते. तिच्या चुका मला पाठ आहेत. 'फिश'ला शेवटी एस लावायची, 'व्हेरी' कायम दोनदा. तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या. आज एकेक चूक वेचून घातली, आणि रडले.

सत्यजीत सर संगणक शिकवतात, मेल तेच पाठवतात. वाचून म्हणाले, "मॅडम, हे बरोबर नाही."

म्हटलं, "बरोबर काय ते मला शिकवू नका. पाठवा."

पाठवलं.

२ ऑक्टोबर, दसरा

आठवी बची मुलं सोनं द्यायला घरी आली. एकवीस. मोजायचं नव्हतं, तरी मोजलं गेलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

गंगाबाई परत पनवेलच्या मासळी बाजारात बसायला लागली. मातिल्दचं नवं पान आलंय. छापून घेतलं आणि तिच्यासमोर, त्या चिखलात उभं राहून मराठीत सांगितलं. द्राक्षं काढायचे दिवस आहेत, शनिवारी सगळा वर्ग मळ्यावर जातो. गणिताचे सर शिडीवरून टोपलीत पडले. आजी म्हणते, वर्षभरात एवढी हसले नव्हते.

"टोपलीत?" गंगाबाई म्हणाली. कोयत्यावरचा हात थांबला होता. "परत वाचा."

परत वाचलं. गिऱ्हाईक ओरडायला लागलं — मावशी, कोलंबी देते का नाय?

"थांब रं! पोरीचं पत्र आलंय."

पोरीचं म्हणाली. मातिल्दचं नाही.

मी घरी येऊन दुसरं पान लिहायला घेतलं. या वेळी दिवाळीचा किल्ला. आता गंगाबाईसाठी लिहिते की स्वतःसाठी, विचारू नये. या पानांत मला किशोरी भेटते. घाई नसते, साडेसात वाजत नाहीत.

१९ ऑक्टोबर

सुट्टी. काशिरामच्या पायाची जखम परत उघडली. तो माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. मातिल्दचं पान आलेलं.

एक नोव्हेंबरला तिकडे मुलं कापडी पिशव्या घेऊन सकाळी दारोदार जातात. 'देवासाठी पाव' मागतात. मग पाव, अक्रोड, सुके अंजीर, जे मिळेल ते. यंदा मातिल्दनं दोन पिशव्या नेल्या. एक स्वतःची, एक किशोरीची. दोन्ही भरल्या म्हणे.

संध्याकाळी बाजारात वाचून दाखवलं. गंगाबाई म्हणाली, "पाव? आपलाच पाव?"

"त्यांचाच शब्द आहे, गंगाबाई. आपण घेतला."

हसली! सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. "मंग माज्या पोरीला काय तिकडं परकं नाय वाटनार."

पानावर पुढे एक वाक्य होतं. जुनी माणसं हा पाव घरातल्या मेलेल्यांच्या नावानं देतात. ते मी वाचलं नाही. पोरीनं पुस्तकातून उतरवलं असणार, तिला काय ठाऊक.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं! लुर्दिश बाईंची मेल. मंगळवारी त्यांचा चेस्टनट भाजायचा सण, शाळेच्या मैदानात जाळ करतात. दोन्ही वर्ग पडद्यावर समोरासमोर आणायचे म्हणतात.

गंगाबाईला विचारलं. "ताप आलाय सांगा."

मंगळवारी ताप. पुढच्या महिन्यात काय? आणि एकवीस पोरांना काय सांगू, खोटं बोला? त्यांना या पानांचा पत्ताही नाही. त्यांनी मैत्रिणीला खांदा दिलेला पाहिलाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गाला एवढंच सांगितलं, किशोरीबद्दल कोणी विचारलं तर मी बोलेन. आमचे साडेतीन, त्यांचे सकाळचे दहा. पडद्यावर धूर, जाळ, कोट घातलेली पोरं. शिंगाड्यासारखी तपकिरी फळं निखाऱ्यात भाजत होती. मग राखेचे हात एकमेकांच्या तोंडाला फासायला लागली. आमची पोरं बाकांवर उभी — "बाई, यांची धुळवड!"

मातिल्द बारीक आहे, चष्मा लावते. तिनं हात हलवला, सगळ्यांना.

चाळीस मिनिटं. किशोरीचं नाव कोणी घेतलं नाही. कोणीच! मी जीव मुठीत धरून बसले होते, सुटले. आणि मग असा राग आला. दोन पिशव्या नेतेस, पान पान लिहितेस, आणि ती समोर दिसली नाही तर साधं विचारतही नाहीस? इतक्यात विसरलीस?

१२ नोव्हेंबर, बुधवार

लुर्दिश बाईंना सगळं लिहिलं. रविवार, साडेसात, ट्रेलर. ती दोन्ही पानं माझी. गंगाबाईचं म्हणणंही लिहिलं, पण तिच्या आड लपले नाही. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं.

स्वतःच पाठवलं. सत्यजीत सर नुसते शेजारी उभे होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. त्यांना सप्टेंबरपासून ठाऊक आहे. एका मुलानं आमच्या शाळेचं नाव इंटरनेटवर टाकलं, बातमी निघाली, तिचा फोटोही. लुर्दिश बाई मला लिहायला बसल्या, तेवढ्यात किशोरीचं पान पोचलं. मुलं घाबरली — हे कोण लिहितंय? मातिल्द म्हणाली, "जिला लिहिल्याशिवाय राहवत नाही, ती." मग वर्गानं ठरवलं, तिला उत्तर द्यायचं.

म्हणजे मातिल्द मलाच लिहीत होती.

उद्या शनिवार, बाजारात जायचंय. गंगाबाईला यातलं काही सांगणार नाही.