नेवेनाच्या कपाटामागे

स्मेदेरेवो, बुधवार

प्रिय रोसांदाताई,

रीतीप्रमाणे तुझ्या गालांचे तीन मुके. गुडघा कसा आहे? तुमच्या व्रशात्सला वारा फार, कानात कापूस घालतेस ना? मी धडधाकट आहे. आमची नेवेना मात्र सध्या घरी नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

आईच्या शिकवणीप्रमाणे मी या घरात आरपार वारा कधी शिरू दिला नाही, हे तुला ठाऊक आहेच. (आपले मिलुतिनकाका वाऱ्यानेच गेले. ट्रॅक्टरखाली आले हे खरं, पण त्या ट्रॅक्टरला एकाही बाजूला दार नव्हतं.) नातीची खोली तर मी बरणीसारखी बंद केली होती. फटींत चिंध्या, वर चिकटपट्टी आणि ओले कपडे आतच वाळत. तरी ऑक्टोबरपासून पोरीच्या छातीत सूं सूं वाजू लागलं. मी हंसाची चरबी चोळली, लोकरी मोजे चढवले, चिकटपट्टीचा दुसरा थर दिला. खोकला वाढला, मी तिसरा थर दिला. सूनबाई यागोदा म्हणाली, "आई, थोडी खिडकी उघडू या ना!" मी म्हटलं, "उघड की! आणि शवपेटीही तूच निवड!" (हे बोलायला नको होतं.)

मागच्या आठवड्यात पोरीचे ओठ निळसर दिसले आणि आम्ही तिला उचलून पळालो. डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा. तिने मुखवट्यातून औषधाची वाफ दिली आणि मग विचारलं, "घरात ओल आहे? बुरशी?" मी ताडकन म्हणाले, "आमच्या घरात? अहो, झुळूकसुद्धा शिरत नाही!" ती म्हणाली, "आजी, मी तेच विचारतेय."

घरी येऊन माझ्या लेकाने, वुकाशिनने, पोरीचं कपाट ओढलं. ताई, मी तोंडात बोट घातलं! जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत भिंत काळीहिरवी, वर मऊ लव, वर्तुळात वर्तुळं. कपाटाची मागची फळी पार भुसभुशीत झालेली. चाळीस वर्षं मी हे घर झाडते, आणि ही बया पाणी न मागता, आवाज न करता एवढी मोठी झाली. तीही पोरीच्या उशीपासून हातभर अंतरावर. वुकाशिन म्हणाला, "आई, हात लावू नकोस, ती उडते." डोळ्यांना न दिसणारी तिची भुकटी श्वासातून इवल्याशा छातीत जाते म्हणे. आणि ती पोसली कशावर? आमच्या सूपच्या वाफेवर, ओल्या कपड्यांवर, आमच्याच श्वासांवर. म्हणजे तिला मीच जेवू घालत होते. मला भीती वाटली आणि भयंकर लाजही वाटली.

यागोदा पोरीला घेऊन माहेरी डोंगरात गेली. तिची आई सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकते. (तिला मी वेडी म्हणायचे.) काल दुपारी यागोदाने फोन झोपलेल्या पोरीच्या छातीशी धरला. मी कान लावून बसले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ताई, एवढं सुंदर मी या हिवाळ्यात काही ऐकलं नव्हतं.

तुझी धाकटी,
स्लावोयका

ता. क. वुकाशिनने भिंत घासून धुतली आहे. शनिवारी पोर येते, त्याआधी ती वाळायला हवी. पण पोरीच्या खिडकीची मूठच नाही, आणि तसली जुनी मूठ कुठल्याच दुकानात मिळेना. नोव्हेंबरात तुला आलुबुखाराच्या मुरांब्याची मोठी बरणी पाठवली होती ना? तिच्या तळाशी जड लागेल ती बी नव्हे, ती मूठ. घरात लपवली असती तर यागोदाने शोधली असती. धुऊन शुक्रवारी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे. पुडक्यावर माझं नाव नको, कुणाला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. नाव घाल. वुकाशिनला मी आत्ताच सगळं सांगितलं. त्याने स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि माझ्या खांद्यावर शाल टाकून गेला. हे मी आरपार वाऱ्यात बसून लिहिते आहे. अजून जिवंत आहे.