माईकवर ठरलेलं सायन्स

अण्णा, त्या दुष्काळात दहावीचा सत्कार चारा छावणीतच ठेवला होता. सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, म्हणून तुम्हाला उसाच्या वजनकाट्यावरून उचलून छावणीत चारा वाटायला बसवलं होतं. सगळा गाव गुरांपाशी मुक्कामाला, मग आम्हा गुणवंतांना शाल-नारळ दुसरीकडे कुठे देणार? चेअरमनसाहेब भाषण करत होते, मागे गाई हंबरत होत्या आणि मला हसू आवरत नव्हतं.

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकवर जाहीर केलं, "ही आपल्या कारखान्याची लेक लातूरला सायन्सला जाणार, डॉक्टर होणार! वाजवा टाळ्या!" माझं हसू तिथेच विरलं. आपल्याकडे घरात ठरलेलं मोडता येतं, माईकवर ठरलेलं नाही. सोयरिकीसुद्धा अशाच पक्क्या होतात. मला तर भूगोल घ्यायचा होता. निकालापासून मी आईमागे भुणभुण लावली होती आणि ती म्हणायची, "आर्टला गेलेल्या पोरी लग्नाची वाट बघत बसत्यात. मग एवढे मार्क काहून पाडलेस?" तुम्ही ऐकून गप्प बसायचात. तुम्ही तिच्याच बाजूचे, असं मी धरून चालले होते.

पुढचं लिहिताना तो मंडप समोर दिसतो. तुम्ही चाऱ्याच्या ढिगापासून उठता, हात झटकता आणि भर मंडपात म्हणता, "चेअरमनसाब, पोरगी माझी हाय, पर अभ्यास तिनं केलाय. माईक तिला द्या की." ज्यांच्या एका शब्दावर तुमची नोकरी, त्यांनाच! "टकुरं फिरलं बे ह्याचं," कुणीतरी मागून म्हणालं. मी कसंबसं बोलले, "मला आर्टला जायचंय. भूगोल घ्यायचाय." एक टाळी पडली नाही. साहेबांनी माईक परत घेतला आणि मला म्हणाले, "बरं, नकाशात कुठं पाणी घावलं तर आदी आमाला सांग." हशा पिकला, नोकरी वाचली. मंचावरून उतरून मी तुमच्या पाया पडायला वाकले, तर तुम्ही डाफरलात, "इतकं हळू काहून बोललीस? चोरी केली का?" तेव्हा मला रडू आलं होतं. आता आठवलं की तुमचा अभिमान वाटतो, लई वाटतो.

आता मी बीडच्या कॉलेजात भूगोल शिकवते. जूनमध्ये नेकनूरच्या एसटीने बाप-लेकी प्रवेशाला येतात. बाप बोलायला लागला की मी त्याला पाणी देते आणि पोरीला विचारते. पूर्वी पोरी बापाकडे बघायच्या. हल्ली बऱ्याचजणी सरळ उत्तर देतात, आणि बापही पाणी पीत ऐकून घेतात.

आणि परवा तुमच्या नातीचा दहावीचा निकाल लागला. पेढे वाटताना शेजारणीने विचारलं, तर स्वतः आर्टच्या वर्गावर शिकवणारी मी बोलून गेले, "सायन्सच की!" आतून कार्टी ओरडली, "आई, तुला कुणी सांगितलं? मी इतिहास घेणार!" शेजारणीसमोरच मी लेकीला हो म्हटलं. काल तिचा प्रवेशही झाला, आणि ती घरभर गात फिरते आहे.

हे लिहिलेलं मी आईलाही वाचून दाखवणार नाही. लेकीला हो म्हटलं ते मनापासून, ते मागे घेणार नाही. पण ती डॉक्टर झाली असती तर, हे मनातून जात नाही, अण्णा. त्या दिवशी माईक मला द्यायला लावलात, तेव्हा तुमच्याही मनात हेच होतं का?