माथिल्डे गोरी झाली

रॉयटलिंगन,
१२ फेब्रुवारी २००७

चि. ऑयगेन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू तिकडे नव्या खुब्यावर चालायला शिकतोयस, तोवर घर सांभाळायला तुझ्याकडे सुखरूप पोचले. तीन मजले चढताना छाती फुटायची राहिली, एवढंच. फोन करत नाही. फोनवर तू नुसतं ‘काय?’ म्हणतोस, मग मला ओरडावं लागतं आणि खालची फ्राऊ फिंकबाइनर दार किलकिलं करून उभी राहते. आपलं घरगुती तिला फुकट कशाला ऐकवायचं? म्हणून पत्र.

घर पाहिलं. आपली आई असती तर खुबा नवा घातलाय की जुनाच आहे हे न बघता तिने तिथेच लाथ घातली असती. कपबशीत स्क्रू ठेवतात का रे?

बैठकीत ती तुझी कपाटाएवढी खाऱ्या पाण्याची टाकी, आणि मधोमध शिंपली. दोन तळहातांएवढी आहे म्हणाला होतास, तरी मला तिसऱ्यांचं कालवण डोळ्यांपुढे होतं. ही तर मखमली झालर पसरून बसलेली, नाटकाच्या पहिल्या रांगेतल्या बाईसारखी. जवळ गेले, माझी सावली पडली, तर फटकन तोंड मिटलं. माथिल्डे आत्याचं नाव हिला का दिलंस ते तेव्हा कळलं. आत्याही पाहुणे आले की अशीच तोंड मिटायची. फक्त तिला ते फार वेळ जमत नसे.

वृद्धनिवासातून विचारणा आली आहे. तळमजल्यावरची खोली तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, ईस्टरपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणतात. जाताना तू काय म्हणालास ते मी विसरले नाही: माथिल्डे जगली तर तीन मजले चढून घरी येईन, गेली तर खोलीच्या कागदावर सही करीन. शिंपलीवर आयुष्य ठरवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. असो. ती जगेल. माझ्या हातून आजवर काही मेलेलं नाही, तुझे दाजी सोडले तर, आणि त्यांनी माझं ऐकलं नव्हतं.

जपून राहा. लोभ आहेच, आणखी वाढवायला जागा नाही.
तुझी,
लोटेअक्का


श्वार्त्सवाल्ड, १६ फेब्रुवारी

ती. लोटेअक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे सगळं बेताचं आहे. सूप पाण्यासारखं आणि पाणी सूपासारखं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ रात्रभर घोरतात आणि दिवसभर ते नाकारतात. जिन्याचा सराव झकास चाललाय, काळजी नको.

माथिल्डेविषयी नीट वाच. दिवा घड्याळाने लागतो नि विझतो, त्याच्या बटणाला हात लावू नकोस. वीज फार जाते हे मला माहीत आहे, सांगू नकोस. संध्याकाळी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची, तिची शिंप त्यावरच वाढते. वरचं नितळ पाणी तेवढं घे, तळचा गाळ नको. आणि तिला उचलायचं नाही. तिने पोटाखालच्या दोऱ्यांनी दगड धरलाय. हिसका दिलास तर दोऱ्यांबरोबर जीवही तुटेल.

साफसफाईबद्दल काही लिहीत नाही. तुला ती शिकवायची म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवण्यासारखं.

फ्राऊ फिंकबाइनरला नमस्कार सांग, पण दारातूनच. लोभ आहे तसा असू द्यावा.
तुझा,
ऑयगेन


रॉयटलिंगन, ५ मार्च

चि. ऑयगेन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या. दिव्याला हात लावला नाही, पण रोज संध्याकाळी विजेचं मीटर गरगरताना पाहून बाकी घरातले दिवे मालवून बसते. निवळीही अगदी नितळ सोडते.

गेल्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझ्या घराची होती, तशी पाटीच दारावर लटकत होती. जिना झाला, तळघर झालं, हात चालूच होता म्हणून टाकीही केली. तुला सांगते, काय ती घाण. वाळूतला गाळ नळीने ओढून काढला. काचेवरची हिरवट साय खरवडली. गाळणीतले ते तांबडे दाणे पाणी स्वच्छ करतात असं डब्यावर लिहिलंय, म्हणून दुप्पट घातले. टाकीतल्या माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, कारण ते जेवढं खातात तेवढंच बाहेर काढतात. दर शनिवारी पाणी बदलते. पाण्यातली घाण मोजायच्या तुझ्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले तर रंगच येत नाही. शून्य. आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या पाण्यातसुद्धा एवढं शून्य नसेल.

आणि माथिल्डे गोरी झालीये. मी आले तेव्हा कशी काळीसावळी होती, आता झालरीचा मधला भाग दुधासारखा निघालाय. फ्राऊ फिंकबाइनरला मुद्दाम वर बोलावून दाखवलं. झालर पूर्वीएवढी बाहेर काढत नाही हे खरं, पण गोऱ्या बायका उन्हाला जरा जपतातच.

तुझा तिथला मुक्काम डॉक्टरांनी वाढवला असं कळलं. एवढे जिने चढतोयस तर का वाढवला, ते मात्र कळलं नाही.

खात जा. माया आहेच, ती मापात मोजत नाही.
तुझी,
लोटेअक्का


श्वार्त्सवाल्ड, ७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अगं, ती गोरी होत नाहीये, ती उपाशी मरतेय.

तिच्या झालरीत डोळ्यांना न दिसणारं तपकिरी शेवाळ राहतं. दिव्याच्या उजेडात तेच तिच्यासाठी रांधतं, आणि त्या शेवाळाचा शिधा म्हणजे माशांची घाण. तू चूल घासून लखलखीत केलीस आणि धान्य मोरीत ओतलंस. तो दुधाचा रंग म्हणजे घरातले आचारी निघून चाललेत.

तांबडे दाणे ताबडतोब बाहेर काढ. माशांना दोन वेळा पोटभर घाल. पाणी बदलणं बंद. काच हिरवी होऊ दे. फडकं कपाटात कोंड आणि किल्ली खिडकीतून फेक.

मी रागावलो नाही. म्हणजे रागावलोय, पण नव्या खुब्याला तेवढं झेपत नाही. वाळूत काय दडलंय ते मीच सांगायला हवं होतं, पण तू वाळूसुद्धा धुशील हे कुणाच्या मनात येणार? एक लक्षात ठेव. ती आ वासून राहिली आणि सावली पडली तरी मिटेना, तर समज संपलं. तसं झालं तर खरं लिही. खोलीचा कागद उशाशीच आहे, सही करून टाकतो.
ऑयगेन


रॉयटलिंगन, १४ मार्च

चि. ऑयगेन यास,
आशीर्वाद, आणि सोबत एक कानाखाली.

तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ते तांबडे दाणे काढायलाच उठले. सत्तरी उलटलेल्या बाईला आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ सुनावलं, पण तुझ्या स्वच्छतेने जीव जातोय असं कुणी सांगितलं नव्हतं. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

सांगितलंस तसं सगळं केलं. मासे फुगून पाद्र्यासारखे फिरताहेत. काचेवर हिरवं चढलंय. परवा फ्राऊ फिंकबाइनर साखर मागायला आली, तिने टाकी पाहिली आणि साखर न घेताच गेली. आता जिन्यात ती माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघते.

माथिल्डेचं खरं लिही म्हणालास, म्हणून खरं लिहिते. ती अर्धवट उघडी असते. सावली टाकली तर मिटते, पण गंजलेलं दार लोटावं तशी. मी रोज सकाळी चष्मा लावायच्या आधी तिच्याकडे जाते आणि मग चष्मा लावायला घाबरते.

आता तुझ्याकडे वळते. काल तिथल्या व्यायाम घेणाऱ्या फ्राऊ एर्दिंचचा फोन आला होता. म्हणाली, तुमचे भाऊ रोज जिन्यापर्यंत येतात, पहिल्या पायरीशी उभे राहतात आणि बाकावर जाऊन पेपर वाचतात. सराव झकास चाललाय म्हणे! वाचनाचा असेल. मी विचारलं, पाय चालत नाही का त्याचा? तर म्हणाली, “पाय उत्तम आहे हो. माणूस घाबरलाय.”

ऑयगेन, मोठी बहीण म्हणून विचारते, राग मानू नकोस, आणि मानलास तरी चालेल. ती मेली तर तुला जिना चढायला नको. ते तुला आतून बरं तर वाटत नाहीये ना? त्या बिचारीच्या झालरीमागे लपतोयस तू. ती स्वतःला सावरायला धडपडतेय, आणि तू पेपर वाचतोयस.

सौदा करू या. तू रोज एक पायरी जास्त चढायची, मी रोज फडक्याला हात लावायचा नाही. तुझं सोपं आहे. माझ्या हाताला काय होतंय ते मलाच ठाऊक.

लोभ आहे, पण या आठवड्यात तो कमावावा लागेल.
लोटे


श्वार्त्सवाल्ड, १९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

होय. घाबरलोय. पडलो तो त्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. कुणी येईपर्यंत तिथे पडून होतो तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा नको. शिंपलीचं निमित्त मागाहून सापडलं. तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध.

आज चार पायऱ्या झाल्या. उतरताना फ्राऊ एर्दिंचचा हात धरला होता, आणि सोडायची मला घाई नव्हती. शेजारचे गृहस्थ जळताहेत.

काच पुसू नकोस. माया असू दे, कमावतोय.
ऑयगेन


रॉयटलिंगन, ६ एप्रिल, गुड फ्रायडे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल तुझी बस सुटली आणि घर एकदम मोठं झालं.

बुधवारी मी घरी आलो ते चढणं तू गावभर सांगितलं असशीलच, पण माझीही बाजू सांगून ठेवतो. तू मागून सोफ्याची उशी धरून चढत होतीस, ती कशासाठी? मी पडलो असतो तर उशी, तू आणि मी, तिघं फ्राऊ फिंकबाइनरच्या दारात सापडलो असतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो तेव्हा तू काही बोलली नाहीस. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच बोलली नाहीस. त्याबद्दल आभार. तू बोलली असतीस तर मी खाली बसलो असतो.

आज भिंग घेऊन टाकीपाशी बसलो. मध्ये अजून पांढुरकं आहे, पण कडेकडेने तपकिरी परत येतंय, कोऱ्या चहाचा डाग पसरत जावा तसं. शिंपेच्या काठावर धाग्याएवढी नवी पांढरी कड आलीये. मरायला टेकलेला जीव कड काढत नाही, अक्का. तीन आठवडे हात बांधून बसलीस त्याची ती कड आहे.

निवासात फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. नक्की ना, असं बाईंनी दोनदा विचारलं. मला फोनवर ऐकू आलं, यावरून किती मोठ्याने विचारलं ते समज.

येत जा. लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, नाहीतर तो तू कुठे ठेवतेस ते मला कळलंय.
तुझा,
ऑयगेन


ट्रोख्टेलफिंगन, २२ एप्रिल

चि. ऑयगेन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी आले, कुलूप काढलं, तर सगळं जिथल्या तिथे. दोन महिने बंद असूनही फरशीत तोंड दिसत होतं. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुसायला काही सापडेना. तिसऱ्या दिवशी मी पावाचा चुरा ओट्यावर मुद्दाम सांडला आणि बघत बसले. पुसवेना.

तर मंगळवारी शहरात येऊन गेले. तुला भेटले नाही, कारण तू विचारलं असतंस. निवासात जाऊन तू नाकारलेली ती तळमजल्याची खोली पाहिली. शेजारीण रेडिओ मोठा लावते. मागच्या अंगणात कुणाची तरी मांजरं येतात आणि दारातच घाण करतात. दुपारच्या जेवणाला टेबलावर सहा जणी असतात, त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि तिसरीला दोघींचंही ऐकावं लागतं. सातवी खुर्ची रिकामी होती. मी बसले. त्या म्हणाल्या, जेवून जा. डाळ-श्पेट्झल अगदी बेचव होतं, शेवयांचा नुसता लगदा, ते कसं करायचं याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली.

सही केली. मे महिन्यात राहायला येते. हे घर दाजींच्या पुतण्याला देतेय. त्याला तीन पोरं आहेत, आठवड्यात वाट लावतील.

तिथून तुझं घर चालत पाव तास. मी रविवारी दुपारी येईन. तू खाली उतरून दारापर्यंत घ्यायला यायचंस आणि दोघांनी मिळून वर चढायचं. उशी आणणार नाही.

माथिल्डेला माझ्या नावाने सावली दाखव. लोभ आहेच, मेपासून त्याला टपालाचं तिकीट लावायला नको.
तुझी,
लोटेअक्का