बाकी सगळे निकोला

५ डिसेंबर
डेअरीच्या सुट्ट्यांची क्वेरी, म्हणजे संगणकातून यादी काढणारा प्रोग्रॅम, आजच उरकली. आम्हा सर्बांच्या प्रत्येक घराचा एक संत, त्याच्या दिवशी स्लावा हा घरचा सण, त्या दिवशी भरपगारी सुट्टी. स्लावाचा रकाना = रिकामा, तर सुट्टी नाही. जॉर्ज, तर मे. मिखाइल, तर नोव्हेंबर. शेवटी 'बाकी सगळे': निकोला, १९ डिसेंबर. अर्धं गाव निकोलाचंच, उगाच टायपिंग कशाला? मीही निकोलाचाच, माझ्या नावावर चालवून पाहिली. अचूक.
संकल्प: घटस्फोटानंतर पहिल्यांदाच यंदा स्लावा माझ्या घरी. लेक तियाना येईल. स्लावाला कुणी कुणाला बोलवत नसतं, ज्याला यायचं तो येतो.

८ डिसेंबर
मॅनेजर ल्युबिंकाबाई आल्या. लायोशला १९ला सुट्टी कशी, म्हणे. तो हंगेरियन, त्याच्याकडे स्लावाच नाही, रकाना रिकामा. निकोलाला प्लांट मुख्यतः हंगेरियन लोकच चालवतात, अर्धं गाव घरी. मी म्हणालो, डेटा एंट्रीवाल्यांचा घोळ. अट वाढवली: नाव लायोश असेल तर सुट्टी नाही. मिटलं.
तियानाला मेसेज. तिकडे नोवी साद शहरात थंडी आहे का? उत्तर नाही. पण नकारही नाही. म्हणजे येतेय.

१२ डिसेंबर
इलोना आणि गाबोरही सुट्टीच्या यादीत. आणखी दोन अटी. बाई म्हणाल्या, अहो रादिवोय, एकेकाचं नाव घालत बसणार का? मुळात काय बिघडलंय ते बघा. म्हटलं, दमानं घ्या. उद्यापासून बसणारच आहे. आज स्लावासाठी कार्प मासा सांगायचा होता.

१८ डिसेंबर
बसणं झालं नाही. यादी तशीच पाठवली, सगळ्यांच्या फोनवर गेली. स्लावाचा गहू शिजवला, मेणबत्ती आणली. तियानाची खुर्ची खिडकीपाशी ठेवली. ती मेसेज वाचते, लिहीत नाही. आईवर गेलीय.

१९ डिसेंबर, दुपार
बाईंचा फोन. दुधाचे टँकर फाटकाशी उभे, आत पुरेशी माणसं नाहीत. आले फक्त जॉर्जवाले, मिखाइलवाले आणि माझे तिघे: लायोश, इलोना, गाबोर. बाई खूप ओरडल्या. मला काहीच वाटलं नाही. म्हटलं, आज माझ्याकडे स्लावा आहे.

संध्याकाळ
शेजारी आले, जेवले, गेले. तियानाची बस उशिरा असेल.

२० डिसेंबर
दूध नासलं. बाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. टेबल आवरण्याआधी क्वेरी उघडली. रिकामा रकाना कशाच्याच बरोबरीचा नसतो, दुसऱ्या रिकाम्याच्याही नाही. यंत्राला ना हो मिळतं ना नाही, मग माणूस घसरत 'बाकी सगळे'मध्ये पडतो. = हे बरोबरीचं चिन्ह काढलं, 'रिकामा आहे का' असं विचारलं. लगेच चालली. दाखवायला कुणी नव्हतं.
तियानाला फोन केला. का नाही आलीस? म्हणाली, बाबा, तू ये म्हणालास कधी? मी म्हणालो, स्लावाला बोलवत नाहीत. ती म्हणाली, अरे, तो नियम इतरांना. मी तयार होऊन तुझ्या फोनची वाट बघत बसले होते.
म्हटलं, बरं.