कोण बाजूने, कोण विरोधात

४ नोव्हेंबर, मंगळवार
मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यापासून पाळी बदलताना पेशंटची माहिती टेबलाशी बसून द्यायची नाही — प्रत्येक खाटेशी उभं राहून, पेशंटसमोर. “पण आधी कानोसा घ्या, सिस्टर. कोण बाजूने, कोण विरोधात, कोण तळ्यात-मळ्यात — आणि का. यादी माझ्याजवळच राहील.”
मला निवडलं! दिवसभर हवेत होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आठजणींशी बोलून झालं. पाच बाजूने, तीन तळ्यात-मळ्यात. राहिल्या अक्का — वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. नवीन असताना मला शीर सापडेना, रडत होते, तेव्हा स्वतःचा हात पुढे करून “टोच!” म्हणाल्या होत्या.
आज त्यांना चादरींच्या कपाटापाशी गाठलं.
“चांगलं आहे गं. पण मला नाही झेपायचं. उजवा कान जवळजवळ गेलाय. टेबलाशी ओठ बघून भागतं, वॉर्डच्या गलक्यात काय ऐकणार? कुणाला सांगू नकोस हं.”
“छे! मी कशाला सांगतेय!”

१० नोव्हेंबर, सोमवार
यादी दिली. अक्कांपुढे ‘विरोधात’. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ‘का’चा रकाना रिकामा दिसत होता. लिहिलं — ऐकू कमी येतं.
डॉक्टर म्हणाले, “वा! बारीक लक्ष आहे तुमचं.”
बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अक्कांना कान तपासून घ्यायचं पत्र आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अक्कांची बदली. तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत! चपला, कंगवा, चष्म्याचं घर पिशवीत भरत होत्या. मी तापाच्या तक्त्यात डोकं खुपसून बसले.
घरी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, “खोटं तर नाही ना लिहिलंस?”
नाही. खोटं नाही लिहिलं. तरी ताट अर्धं टाकून उठले.

१ डिसेंबर, सोमवार
सुरू झालं. छान झालं! आठव्या खाटेवरचे आजोबा मध्येच म्हणाले, “अहो, ही गोळी मला सोसत नाही!” टेबलाशी हे कधी कळलंच नसतं.
सगळ्या माझं कौतुक करताहेत. तोंड लपवावंसं वाटतं. तळमजल्याचा जिनासुद्धा टाळते.

५ डिसेंबर, शुक्रवार
गेले शेवटी. “अक्का, ते मीच लिहिलं.”
“माहितीये.” फाइलींना दोरी बांधत होत्या. “मागे मला ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ ऐकू आलं होतं. पेशंटच म्हणाला, आज एवढं औषध कसं? म्हणून निभावलं. पण स्वतःहून सांगायचा धीर होईना.”
“मग मला ‘कुणाला सांगू नकोस’ का म्हणालात?”
हसल्या.
“तसं म्हटलं की तू सांगतेसच गं.”